वार्ता प्रथम कामगारास

भोरजवळच्या उत्रोलीच्या परिसरात औद्योगिक वसाहत होणार, ही वार्ता त्या तालुक्यातील माणसे कैक वर्षे ऐकत आली आहेत. आणि जी गोष्ट दीर्घकाळ केवळ ऐकण्यातच राहते तिच्याभोवती तर्क, आशा आणि संशय यांचे किती दाट जाळे विणले जाते हे पाहावयाचे असल्यास त्या भागातील कोणत्याही एस. टी. थांब्यावर घटकाभर बसावे. जमीन कोणाची जाणार, मोबदला कोणत्या दराने मिळणार, नोकरी गावच्या मुलास लागणार की ठेकेदार बाहेरून माणसे आणणार, सांडपाणी कोणत्या ओढ्यास सोडणार, या प्रश्नांची उत्तरे सरकारी दफ्तरातून किंवा कंपनीच्या कचेरीतून येण्यापूर्वीच तेथे दिली गेलेली असतात, आणि ती देणारा मनुष्य बहुधा असा असतो की ज्याचा भाऊ, मेहुणा किंवा शेजारी नीरेपलीकडे शिरवळच्या बाजूस एखाद्या कारखान्यात कामाला जातो. "आमच्या पाव्हण्याच्या कंपनीत असंच झालं," हे वाक्य एकदा उच्चारले गेले, म्हणजे त्यापुढे कंपनीने वर्तमानपत्रात दिलेली पानभर जाहिरात निष्प्रभ होते.

ज्या वाचकांच्या हाती लहानमोठ्या कारखान्याची व्यवस्था आज आहे किंवा पुढेमागे येणार आहे, त्यांनी आपल्या संस्थेच्या लौकिकाचा विचार या वस्तुस्थितीपासून सुरू करावा, अशी माझी विनंती आहे. उत्रोलीसारख्या गावी जो मनुष्य सकाळी कारखान्याच्या फाटकातून आत जातो, तोच संध्याकाळी सातबाऱ्यावरचा खातेदार, ग्रामपंचायतीचा मतदार, भजनी मंडळातला टाळकरी आणि कोणा तरी ऊस-उत्पादक सभासदाचा मुलगा असतो. त्याला या सर्व नात्यांनी प्रश्न विचारले जातात, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर त्याला त्याच्या मालकाने दिलेले नाही, त्याचे उत्तर तो आपल्या अदमासाने देतो. अदमासाने दिलेले उत्तर क्वचितच मालकाच्या बाजूचे असते. कारण ज्या संस्थेने आपल्याला काही सांगण्याच्या योग्यतेचे मानले नाही, तिच्याविषयी चांगले तर्क करण्याचे कारण कोणाही स्वाभिमानी माणसास उरत नाही.

भोर-वेल्ह्याच्या या पट्ट्यात तर या स्वभावाला इतिहासाचाही आधार आहे. १९२० च्या दशकात पूर्ण झालेले भाटघरचे धरण, नंतरचे नीरा देवघरचे धरण, ही दोन्ही भोर तालुक्याच्या जमिनीवर उभी राहिली आणि त्यांच्या पाण्याचा मोठा भाग खाली बारामती, इंदापूर, फलटणच्या शेतांना मिळाला. ज्यांच्या पूर्वजांनी शासकीय अधिसूचनांची भाषा आपली शेते पाण्याखाली जाताना ऐकली, त्यांना छापील कागदापेक्षा माणसाच्या तोंडचा शब्द अधिक विश्वसनीय वाटावा यात नवल नाही. पोटासाठी मुंबईस गेलेल्या माणसाने सणाला गावी येऊन गिरणीची किंवा गोदीची जी हकीकत सांगावी, तीच गावाने प्रमाण मानावी, ही वहिवाटही जुनीच. तेव्हा येथे नव्याने येणाऱ्या उद्योजकाने असे गृहीत धरावे की आपल्या कारखान्यात जितकी माणसे कामाला आहेत तितके आपले प्रवक्ते आहेत, आणि त्यांना सत्य, पुरेसे व वेळेवर सांगणे हे यंत्रे बसविण्याइतकेच आवश्यक काम आहे.

हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या उजाड माळावर, जो कारखाना वसविला, त्याच्या लोखंडी नांगरास आरंभी शेतकऱ्यांनी किती अविश्वासाने पाहिले हे सर्वश्रुत आहे. लोखंडाने जमीन नासते अशी त्या काळची समजूत होती, आणि तिच्याशी झगडताना पहिले नांगर खपविण्यास फार काळ लागला. असा अनुभव गाठीशी असलेल्या त्या कारखान्यातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक निघाले, ही गोष्ट योगायोगाची मानता येत नाही. लक्ष्मणरावांचे पुतणे, चित्रकलेचे शिक्षण घेतलेले शंकर वासुदेव किर्लोस्कर, यांनी ते चालविले. कारखान्यात काय घडते, कोणते नवे अवजार तयार होत आहे, ते कोठे व कसे वापरले जाते, अशी वार्ता देण्याचे ते साधन होते. पुढे १९२९ मध्ये 'खबर' हा शब्द गळून ते 'किर्लोस्कर' झाले, त्याच्या जोडीस १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आले, आणि एका कारखान्याच्या वार्तापत्रातून मराठी मध्यमवर्गाच्या विचारविश्वास वळण देणारी मासिके जन्मास आली. आपल्या कारखान्याकडून एवढ्या वाङ्मयीन पराक्रमाची अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु कारखान्याची वार्ता ही लपविण्याची वस्तू नसून नियमाने, सुबोध मराठीत, स्वतःच्या नावानिशी देण्याची वस्तू आहे, हा त्या खटाटोपातला मूळ विचार चाळीस माणसांच्या कार्यशाळेलाही पेलण्याजोगा आहे.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे येऊ. पहिला प्रश्न क्रमाचा आहे. नवा विभाग उघडणे, पाळ्या बदलणे, गिऱ्हाईक तुटणे, मालकी बदलणे, अपघात होणे, अशा कोणत्याही महत्त्वाच्या प्रसंगी कंपनीची वार्ता साधारणपणे संचालक मंडळाकडून अधिकाऱ्यांकडे, तेथून बातमीदाराकडे आणि मग वर्तमानपत्रातून कामगाराकडे येते. सकाळच्या चहाच्या टपरीवर दुसऱ्याने वाचून दाखविल्यावर त्याला आपल्याच कारखान्याची बातमी कळते. हा क्रम उलटा करावा. प्रथम कामगार, त्यानंतर त्याच दिवशी ग्रामपंचायतीचे सरपंच व ग्रामसेवक, आणि त्यानंतर पत्रकार, असा दंडक घालून घ्यावा, आणि या तीन टप्प्यांतील अंतर तासांत मोजता यावे, दिवसांत नव्हे. कामगारास प्रथम सांगावयाचे म्हणजे सर्व कामगारांस सांगावयाचे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. सकाळच्या पाळीला सभा घेऊन रात्रपाळीस फलक वाचण्यावर सोडून दिले, तर दोन्ही पाळ्या फाटकात एकमेकींना भेटतात त्या पंधरा मिनिटांत वार्तेचे दोन निरनिराळे अवतार तयार होतात. ज्याची साप्ताहिक सुट्टी आहे, जो आजारी रजेवर आहे, त्यास फोन करावा. आणि भातलावणीच्या दिवसांत किंवा पौषातल्या मांढरदेवीच्या यात्रेच्या सुमारास अर्धी माणसे रजेवर असताना कोणतीही मोठी घोषणा काढू नये, कारण त्या वेळी ती घोषणा बांधावर आणि घाटात पोहोचते ती कोणाच्या तरी मोबाइलवरील चार ओळींच्या रूपाने.

क्रमाच्या खालोखाल माणसाचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते सर्वांत अधिक चुका येथेच होतात. मोठा साहेब वर्षातून एकदा ध्वजवंदनाच्या वेळी बोलतो. कामगाराचा रोजचा संबंध येतो तो सुपरवायझरशी, लाइन लीडरशी किंवा मुकादमाशी. कामगारास शंका आली की तो प्रथम त्याच्याकडे वळतो. अशा वेळी "मलाच काही माहीत नाही, वरून काय ठरलंय कोणास ठाऊक," असे उत्तर त्याला द्यावे लागले, तर दोन अनर्थ घडतात: कामगाराचा कंपनीवरील विश्वास जातो, आणि त्या सुपरवायझरची आपल्या माणसांपुढे मान खाली जाते. दुसरा अनर्थ अधिक घातक आहे, कारण अपमानित झालेला मध्यस्थ पुढे वार्ता पोहोचवितो ती आपला कमीपणा झाकण्यासाठी तिखटमीठ लावून, किंवा मुळीच पोहोचवीत नाही. म्हणून कोणतीही महत्त्वाची गोष्ट जाहीर करण्याच्या आदल्या दिवशी सर्व सुपरवायझरांस एकत्र बसवावे, निर्णय व त्याची कारणे सांगावीत, आणि मग त्यांनाच विचारावे की उद्या तुमची माणसे काय विचारतील. ते जे प्रश्न सांगतील ते बहुधा व्यवस्थापकांच्या स्वप्नातही नसलेले असतात. पाळी एक तास उशिरा सुरू करण्याचा निर्णय कचेरीस किरकोळ वाटतो. पण त्या तासामुळे शेवटची एस. टी. चुकणार असेल, दूध डेअरीला घालण्याची वेळ टळणार असेल, किंवा मुलीला शाळेत पोहोचविण्याची जबाबदारी कोणी घ्यावी हा प्रश्न घरात उभा राहणार असेल, तर तो निर्णय घरोघर चर्चिला जाणार, आणि तो चर्चिला जाताना कंपनीची बाजू मांडणारा एक तरी मनुष्य तेथे असावा लागतो. प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून प्रत्येक सुपरवायझरच्या हाती द्यावीत. ज्याचे उत्तर अद्याप नाही त्यापुढे "ठरलेले नाही, अमुक तारखेस सांगू" एवढेच लिहावे, आणि ती तारीख पाळावी.

लेखी सूचनेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण आपल्याकडे सूचना फलक म्हणजे जबाबदारी झटकण्याची जागा होऊन बसली आहे. कामगारास त्याच्या भाषेत लेखी कळविले पाहिजे हे तत्त्व कायद्यानेही फार पूर्वी मान्य केले आहे. १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियमाने असे सांगितले की प्रमाणित स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांस समजणाऱ्या भाषेत, ज्या फाटकातून बहुतेक कामगार आत येतात त्याजवळच्या खास फलकावर लावावेत. आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने सेवाशर्तींत काही ठरावीक प्रकारचे बदल करण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस आवश्यक ठरविली, जे तत्त्व संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम राहिले. कायद्याची भाषा व आपली भाषा एकच असावी असे मात्र कोणत्याही कायद्याने म्हटलेले नाही. तरीही पुढीलसारख्या सूचना फलकांवर वाचावयास मिळतात: "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, उत्पादनाच्या सुसूत्रीकरणाच्या अनुषंगाने आगामी कालावधीत पाळ्यांच्या संख्येत आवश्यक तो फेरबदल करण्याचे व्यवस्थापनाच्या विचाराधीन आहे." ही सूचना वाचून कामगार घरी गेला तर तो बायकोस एवढेच सांगू शकेल की काहीतरी वाईट होणार आहे. त्याऐवजी असे लिहावे: "येत्या १ तारखेपासून रात्रपाळी बंद राहील. आपण ज्या गिऱ्हाइकास पंपाचे भाग पुरवितो त्याची मागणी निम्म्यावर आली आहे. या कारणाने कोणासही कामावरून कमी करणार नाही. रात्रपाळीतील माणसे पहिल्या व दुसऱ्या पाळीत घेतली जातील; नावांची यादी शनिवारी दुपारी येथे लागेल. रात्रपाळीचा भत्ता मात्र बंद होईल. तीन महिन्यांनी मागणीचा आढावा घेऊन काय ठरले ते याच फलकावर लिहू." खाली तारीख, सहीखाली स्पष्ट अक्षरांत नाव, आणि शंका विचारण्यासाठी कोणास केव्हा भेटावे याचा उल्लेख असावा. भत्ता बंद होईल हे वाक्य लिहिताना लेखनिकाचा हात अडखळतो, आणि तेच वाक्य गाळावे असा सल्ला कोणी तरी देतो. तो मानू नये. पगाराच्या दिवशी चिठ्ठीवर जे दिसणारच आहे, ते आधी स्वतः सांगितल्याने माणूस नाराज होईल; पण ते दडविले तर वरच्या सर्व खऱ्या वाक्यांवरचाही त्याचा विश्वास उडेल.

वाईट वार्तेच्या वेळी संस्थेची खरी परीक्षा होते. अपघात झाला, आग लागली, वायू सुटला, तर पहिल्या तासात चार गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: काय घडले, कोणास इजा झाली व त्यांना कोठे नेले, काय अद्याप समजलेले नाही, आणि पुढची माहिती केव्हा देणार. जखमी माणसाच्या घरी निरोप जाण्यापूर्वी त्याचे नाव अन्यत्र उच्चारले जाऊ नये, आणि तो निरोप फोनवरून शिपायाने देण्यापेक्षा जबाबदार अधिकाऱ्याने घरी जाऊन द्यावा. कारणाविषयी तर्क करू नये. "कामगाराच्या निष्काळजीपणामुळे" हे शब्द तर चौकशी पूर्ण होईपर्यंत कोणाच्याही तोंडून बाहेर पडता कामा नयेत, कारण ते शब्द ऐकणारा प्रत्येक सहकारी त्या क्षणी स्वतःस जखमीच्या जागी पाहतो.

माहिती दडविल्याची किंमत किती भयंकर असू शकते याचे उदाहरण आपल्या देशाने १९८४ साली भोपाळ येथे पाहिले. २ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला, तेव्हा भोवतालच्या वस्तीस तो वायू कोणता, त्यापासून बचाव कसा करावा, हे ठाऊक नव्हते, आणि रुग्णालयातील डॉक्टरांनाही उपचाराची निश्चित दिशा नव्हती. कारखान्यातील धोक्याविषयीचे इशारे मात्र आधीच दिले गेले होते, आणि पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ पासून त्याविषयी लिहिलेही होते. त्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन कलम ४१ ब अन्वये धोकादायक प्रक्रिया चालविणाऱ्या भोगवटादारावर असे बंधन आले की त्याने धोक्यांची व ते टाळण्याच्या उपायांची माहिती कामगारांस, मुख्य कारखाना निरीक्षकास, स्थानिक प्राधिकरणास आणि आसपासच्या जनतेसही द्यावी. आणि कलम ४१ ह अन्वये, जीवितास वा आरोग्यास तत्काळ धोका आहे असे वाजवी कारणाने वाटल्यास तो निदर्शनास आणण्याचा हक्क कामगारास मिळाला. कायद्याने जे धोकादायक प्रक्रियांपुरते सांगितले, ते कोणत्याही सज्जन कारखानदाराने आपल्या सर्व कारभारास लागू करावे. कामगाराने धोका दाखविला तर त्याचे आभार मानावेत, तेही चारचौघांत. ज्या कारखान्यात इशारा देणारा मनुष्य वरिष्ठांच्या नजरेतून उतरतो, तेथे पुढचा इशारा आतून येत नाही, तो थेट तहसील कचेरीवरील मोर्चाच्या रूपाने बाहेरून येतो.

या भागापुरता पाण्याचा विषय वेगळा काढून सांगितला पाहिजे. नीरेच्या खोऱ्यात, जेथे विहीर, ओढा आणि भातखाचर एकमेकांस लागून असतात, तेथे कारखान्याचे सांडपाणी कोठे जाते हा पहिला प्रश्न असतो आणि शेवटचाही तोच. कारखान्यातील प्रत्येक कामगारास, मग तो हिशेबनीस असो की कँटीनमधली मावशी असो, सांडपाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प वर्षातून एकदा तरी समक्ष दाखवावा. पाणी आत येते तेव्हा कसे असते, बाहेर पडते तेव्हा कसे असते, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्राने किती मर्यादा घातली आहे आणि गेल्या महिन्याच्या तपासणीत आकडा किती आला, हे फलकावर लिहावे. एखाद्या महिन्यात मर्यादा ओलांडली गेली असेल तर तेही लिहावे व दुरुस्ती काय केली ते लिहावे. असे केल्यावर जेव्हा शेजारचा शेतकरी कामगारास विचारील की "अरे, तुमच्या कंपनीमुळं आमच्या विहिरीला वास येतोय का?", तेव्हा तो मान फिरवून चालू लागणार नाही, त्याला जे माहीत आहे ते तो सांगेल, आणि त्याच्या सांगण्यात खात्री असेल. मात्र प्रकल्प दाखविण्यासारखा नसेल, किंवा रात्री तो बंद ठेवून वीज वाचविली जात असेल, तर कामगारांस काय सांगावे याचा सल्ला या लेखात मिळणार नाही. तेथे प्रथम प्रकल्प चालू करावा. लौकिक राखण्याची कोणतीही युक्ती खोट्या कारभारास वाचवू शकत नाही, आणि वाचवू नये.

कंत्राटी कामगार, सुरक्षारक्षक, कंपनीच्या बसचा चालक, कँटीन चालविणाऱ्या स्त्रिया, यांना आपण माहितीच्या वर्तुळाबाहेर ठेवतो, कारण त्यांचे मस्टर ठेकेदाराकडे असते. परंतु गावकरी फाटकाशी येऊन प्रथम विचारतो तो सुरक्षारक्षकास, आणि कारखान्याविषयी गावात सर्वांत अधिक बोलले जाते ते बसमध्ये. एस. टी.चे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या या संस्थेविषयी भोरच्या आगारातून निघणाऱ्या प्रवाशाचे मत बनते ते वाहकाच्या एका उत्तरावरून: गाडी उशिरा का आली हे त्याने नीट सांगितले तर प्रवासी थांबतो, "मला काय ठाऊक?" म्हणाला तर तोच प्रवासी दिवसभर संस्थेस बोल लावतो. ज्याची सही कंपनीच्या मस्टरवर नाही त्यालाही वार्ता द्यावी, आणि ती ठेकेदारामार्फत न देता स्वतः द्यावी.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सर्वच सांगता येत नाही. भागबाजारात नोंदलेल्या कंपनीस भावावर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती कामगारास आधी देता येत नाही. सेबीच्या २०१५ च्या नियमांनी ते निषिद्ध आहे. गिऱ्हाइकाचे आराखडे, व्यक्तीचा पगार, कोणाच्या आजारपणाचे कागद, हेही उघड करण्याचे विषय नाहीत. अशा वेळी शेअर बाजारास कळविल्याबरोबर त्याच घटकेस कामगारांस कळवावे, आणि त्याआधी कोणी विचारल्यास "या विषयावर आज बोलता येत नाही, कारण नियम तसा आहे" असे उत्तर द्यावे. "असं काही नाहीच," असे खोटे उत्तर देण्याचा मोह आवरावा. आठ दिवसांनी वर्तमानपत्रात तीच गोष्ट छापून आल्यावर तो नकार आठवणारी माणसे कारखान्यात शेकड्याने असतात.

मोबाइलवरील व्हॉट्सअॅप गटांविषयी इतकेच सांगणे पुरे की त्यांचा उपयोग तातडीच्या, लहान आणि निर्विवाद सूचनांसाठी करावा, जसे बस उशिरा येणार आहे किंवा वीज गेल्यामुळे पाळी पुढे ढकलली आहे. ज्या वार्तेने घरात काळजी उत्पन्न होईल ती तेथे टाकू नये. ती माणसाने माणसास तोंडावर सांगावी.

सांगण्याइतकेच ऐकणेही आहे. तक्रारपेटी ठेवावी, पण तिची किल्ली ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रारी येण्याचा संभव अधिक त्याच्याकडे नसावी. आणि आलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर, नकारार्थी असले तरी, ठरावीक दिवशी फलकावर लागावे. उत्तर मिळत नाही असे दिसले की लोक पेटीत चिठ्ठी टाकण्याचे सोडतात आणि चौकात बोलू लागतात. पुणे जिल्ह्यातील उद्योगविश्वाने १९८९ साली हे पाहिले आहे: टेल्कोच्या पिंपरी येथील कारखान्यातील वाद वाढत वाढत शनिवारवाड्यापाशी कामगारांच्या उपोषणापर्यंत गेला, आणि कारखान्याच्या भिंतीआड मिटावयाचा प्रश्न सबंध शहराच्या चर्चेचा झाला. त्या वादात न्याय कोणाच्या बाजूस किती होता याची चिकित्सा येथे करण्याचे कारण नाही. कारखान्यातील संवाद तुटला की त्याचा पुढचा अंक सार्वजनिक जागेत होतो, एवढेच त्यातून घ्यावे. संघटना असेल तर तिच्या पदाधिकाऱ्यांस वार्ता आधी द्यावी, परंतु फक्त त्यांनाच देऊन थांबू नये, कारण मग संघटनेत न बसणारा मनुष्य ती वार्ता मध्यस्थाच्या रंगाने रंगलेलीच ऐकतो.

आणखी एक सावधगिरी. कामगारास माहिती द्यावयाची ती त्याने कंपनीची स्तुती करावी म्हणून, असा हेतू त्याच्या लक्षात आला, की सारा खटाटोप व्यर्थ जातो. अलीकडे काही ठिकाणी कर्मचाऱ्यांनी आपल्या समाजमाध्यमांवर कंपनीची छायाचित्रे टाकावीत असे हुकूम सुटतात, आणि कोणी टाकले, कोणी नाही, याची नोंदही ठेवली जाते. हे मला अनुचित वाटते. स्वतःच्या अंगणात बसून स्वतःच्या कारखान्याविषयी काय बोलावे हे ठरविण्याचा अधिकार कामगाराचाच आहे, आणि त्यात टीकाही आली. संस्थेने एवढेच पाहावे की तो जे बोलेल ते अज्ञानातून बोलू नये. "हे मला नक्की ठाऊक नाही, उद्या विचारून सांगतो," असे तो शेजाऱ्यास निर्धास्तपणे म्हणू शकला, आणि उद्या विचारल्यावर त्याला खरोखर उत्तर मिळाले, तर त्या शेजाऱ्याच्या मनात कंपनीविषयी जो आदर निर्माण होईल तो सक्तीच्या स्तुतीने कधी निर्माण होणार नाही.

हे सर्व करण्यास पैसा फारसा लागत नाही. दर आठवड्यास पाळीच्या आरंभी पंधरा मिनिटे, एक फलक, एक चांगले मराठी लिहिणारा मनुष्य आणि मालकाची तयारी एवढे पुरते. आरंभ कोठून करावा असे ज्या वाचकास वाटत असेल, त्याने उद्या सकाळी पहिल्या पाळीच्या वेळी स्वतः फाटकापाशी उभे राहावे आणि आत येणाऱ्या दहा जणांस, त्यांत कंत्राटी माणसेही घेऊन, चार प्रश्न विचारावेत: आपण येथे काय बनवितो, ते कोण विकत घेतो, आपले सांडपाणी कोठे जाते, आणि मागचा अपघात कशामुळे झाला. मिळतील ती उत्तरे जशीच्या तशी लिहून घ्यावीत, उत्तर न देणाऱ्यास दोष देऊ नये, आणि ज्या प्रश्नावर सर्वांत अधिक माणसे गप्प राहिली त्याच प्रश्नाचे उत्तर त्या आठवड्याच्या पहिल्या सभेत स्वतःच्या तोंडाने द्यावे.